चार मीटरची गाडी आणि आपलं नाशिक

2025 मध्ये घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबरला, नवा जीएसटी लागू झाला आणि दसऱ्यापर्यंत नाशिकमधल्या गाड्यांच्या शोरूममध्ये धड उभं राहायला जागा नव्हती. बातमीसाठी तीन-चार ठिकाणी फिरलो. सगळीकडे तेच दृश्य. बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू, हातात पेढ्याचा बॉक्स आणि मोठ्ठी पुठ्ठ्याची चावी घेऊन फोटो. दोन-तीन वर्षं पैसे जमवलेल्या माणसाचे एका रात्रीत लाख-सव्वा लाख वाचले, तर तो खूश होणारच. मलाही बरं वाटलं.

एका ठिकाणी महिंद्राची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ घेतलेलं कुटुंब भेटलं. सहज विचारलं, "दादा, ही गाडी बनते कुठे माहितीये का?"

"चाकणला ना?"

"राहता कुठे तुम्ही?"

"सातपूर कॉलनी."

आता बोला! ज्या गाडीला हार घातला ती त्यांच्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर जन्मलेली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्या शहराला आपणच कधी हे सांगितलेलं नाही. द्राक्ष सांगतो, वाईन सांगतो, कुंभमेळा सांगतो, कांद्याचा भाव तर रोज सांगतो. पण गेली चाळीसेक वर्षं या शहराची निम्मी दुकानदारी, भाड्याच्या खोल्या, मेस, वडापावच्या गाड्या, ट्रेलरवाले आणि शेकडो छोटे वर्कशॉप ज्या उद्योगावर उभे आहेत, त्यावर आपण बोलतो फक्त संप झाला किंवा कंपनी बाहेर चालली अशी आवई उठली की.

म्हणून आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ही गाडी एवढीच लांब का आहे? थ्रीएक्सओ येण्याआधी तिचीच आधीची आवृत्ती होती एक्सयूव्ही300. फेब्रुवारी 2019 मध्ये आली, किंमत 7 लाख 90 हजारांपासून. तिची लांबी 3995 मिलिमीटर. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. पेट्रोल इंजिन 1197 सीसीचं, म्हणजे 1200 ला तीन कमी. डिझेल इंजिन 1497 सीसीचं, 1500 ला तीन कमी. एवढं काटेकोर माप कुठल्या डिझायनरच्या स्वप्नात येत नाही. ते सरकारी कागदावरून येतं.

2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी म्हणजे काय? तर लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 पर्यंत. त्या दिवसापासून भारतातल्या प्रत्येक गाडी कंपनीच्या ड्रॉइंग बोर्डावर चार मीटरवर एक लाल रेघ मारली गेली, ती आजतागायत आहे. मधे सरकारं बदलली, 2017 ला उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, पण रेघ तिथेच.

हिशोब करून बघा. कराआधी सहा लाखांना पडणारी एक पेट्रोल गाडी घ्या. सप्टेंबर 2025 पर्यंत तिच्यावर 29 टक्के कर होता, म्हणजे 7 लाख 74 हजार. तीच गाडी, तेच इंजिन, फक्त चार मीटरच्या वर गेली की कर 45 टक्के, म्हणजे 8 लाख 70 हजार. फरक 96 हजारांचा. आता नव्या जीएसटीत आतल्या गाडीला 18 टक्के, बाहेरच्या गाडीला 40 टक्के. म्हणजे 7 लाख 8 हजार आणि 8 लाख 40 हजार. फरक 1 लाख 32 हजारांचा! दोन्हीकडचे कर कमी झाले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ती लाल रेघ जास्त जाड झाली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि या रेघेच्या आतल्या गाड्यांवर नाशिक जगतं. थ्रीएक्सओ आतली. बोलेरो आतली. तीन दाराची थार 3985 मिलिमीटर, तीही आतली. 2023 मध्ये थारला लहान डिझेल इंजिन मिळालं ते एक्सयूव्ही300 चंच, आणि त्यामुळे ती दहा लाखांच्या आत सुरू होऊ शकली.

रेघेच्या आत बसायचं म्हणजे काय करावं लागतं, याची गोष्ट मजेशीर आहे आणि ती बरीचशी नाशिकमध्येच घडलेली आहे.

2009 ला महिंद्राने झायलो आणली. लांबी 4520 मिलिमीटर, आठ माणसं बसणार. लग्नाच्या वऱ्हाडाला आणि शिर्डीच्या टॅक्सीला एकदम बेस्ट. मग 2012 च्या सप्टेंबरमध्ये तिलाच मागून कापून क्वांटो केली. लांबी 3985. म्हणजे तब्बल पावणेदोन फूट उडवला! चारऐवजी तीन सिलिंडरचं दीड लिटरचं डिझेल इंजिन, मागे दोन आडव्या उघडझाप सीटा, किंमत 5 लाख 82 हजारांपासून. कागदावर सगळं बरोबर होतं. एसयूव्हीची उंची, छोट्या गाडीचा कर, हॅचबॅकवाल्याला परवडेल असा भाव.

पण ती रस्त्यावर दिसायची कशी, ते आठवा. पुढून पैलवान आणि मागून अचानक भिंत. लोकांनी पाहिलं, किंमत ऐकून मान डोलावली आणि दुसरीकडे वळले. पुढच्याच वर्षी, जून 2013 मध्ये, फोर्डची इकोस्पोर्ट 5 लाख 59 हजारांना आली आणि लोकांना कळलं की चार मीटरमध्ये सुद्धा गाडी अख्खी दिसू शकते. फरक हा होता की इकोस्पोर्ट पहिल्यापासून कारच्या सांगाड्यावर, चार मीटरचा विचार करून आखलेली. क्वांटो मोठ्या गाडीची कापून लहान केलेली. क्वांटोलाच 2016 मध्ये नवं नाक आणि नवं नाव देऊन न्यूवोस्पोर्ट म्हणून आणलं, 7 लाख 35 हजारांपासून. त्याच्या एक महिना आधी मारुतीची ब्रेझा आली होती, 6 लाख 99 हजारांना. पुढचं सांगायची गरज नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट साध्या भाषेत सांगतो, कारण क्रॉसओव्हर हा शब्द सगळे वापरतात आणि अर्थ फार कमी लोक विचारतात. जुन्या जीप, बोलेरो, स्कॉर्पिओ यांना खाली लोखंडी शिडीसारखी चासी असते, वर बॉडी ठेवून बोल्ट मारतात. दणकट, ओझं वाहणारी, पण जड. कारची बॉडी म्हणजेच तिचा सांगाडा असतो, सगळं एकसंध वेल्डिंग. त्याला मोनोकॉक म्हणतात. क्रॉसओव्हर म्हणजे कारच्याच सांगाड्यावर उभी केलेली, जमिनीपासून उंच, दिसायला एसयूव्ही आणि चालवायला कार. हलकी असल्याने पेट्रोल कमी पिते, वळणावर डुलत नाही, आणि खड्ड्यात पोटाला घासत नाही. आपल्या रस्त्यांची अवस्था बघता या देशाला तिचं वेड लागलं यात नवल नाही.

नाशिकचा हात शिडीवाल्या गाड्यांवर बसलेला. 2002 मध्ये आलेली स्कॉर्पिओ तर या शहराची शानच. डॉ. पवन गोएंका 1993 साली अमेरिकेतली जनरल मोटर्सची नोकरी सोडून महिंद्राच्या नाशिकच्या संशोधन विभागात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली ती गाडी उभी राहिली. जगातल्या मोठ्या कंपन्या एका नव्या गाडीवर जेवढा खर्च करायच्या त्याच्या कितीतरी कमी पैशात, साडेपाचशे-सहाशे कोटींच्या घरात, एक संपूर्ण नवी गाडी बनवली. पुरवठादारांनाच सांगितलं की तुमचा भाग तुम्हीच डिझाइन करा. विकताना जीप म्हणून विकली नाही, 'कार प्लस' म्हणून विकली. म्हणजे मध्यम कारच्या पैशात त्याहून जास्त काहीतरी.

पण मोनोकॉक नाशिकने शिकली ती लोगनवर. 2005 मध्ये महिंद्रा आणि फ्रान्सच्या रेनोची भागीदारी झाली, 51 आणि 49 टक्के. 2007 मध्ये सातपूरहून लोगन बाहेर पडली. आतून ऐसपैस, चालायला चोख, पण दिसायला डबा आणि लांबी 4247 मिलिमीटर, म्हणजे कराच्या रेघेबाहेर. पहिल्या वर्षानंतर विक्री घसरली, 2010 मध्ये रेनो बाहेर पडली, मग तीच गाडी व्हेरिटो झाली. 2013 मध्ये तिलाही मागून कापलं, व्हेरिटो वाइब, 3991 मिलिमीटर. तीही चालली नाही.

तेव्हा आम्ही पत्रकार मंडळी सातपूरच्या टपरीवर बसून म्हणायचो की या कारखान्यात गाड्या बनत नाहीत, गाड्यांची शेपटी कापली जाते. विनोद म्हणून ठीक. पण त्या प्रत्येक पडलेल्या गाडीवर हजारो लोकांचे हात फिरले होते. पातळ पत्र्याचं वेल्डिंग कसं सांभाळायचं, दाराच्या फटी एकसारख्या कशा ठेवायच्या, रोबोला काय द्यायचं आणि माणसाला काय, हे पुस्तकातून येत नाही. लोगन बाजारात पडली, पण शिकवून गेली. ती शिकवणीची फी ज्यांनी भरली त्यात या शहरातले कामगार आणि छोटे पुरवठादारही आहेत. विक्री पडली की आधी त्यांची शिफ्ट बंद होते.

मग आली एक्सयूव्ही300. महिंद्राने 2011 मध्ये दक्षिण कोरियाची सँगयाँग कंपनी ताब्यात घेतली होती. तिची तिवोली नावाची क्रॉसओव्हर 2015 ला कोरियात आली होती आणि तिथे चांगली चालली होती. नव्या गाडीत सगळ्यात महाग काय असतं, तर सांगाडा आखणं आणि त्याची चाचणी करणं. तो तयार मिळाला. पण तिवोलीची लांबी साधारण 4.2 मीटर. मग काय? पुन्हा रेघ, पुन्हा करवत. मागून वीस सेंटिमीटर गेले. दोन चाकांमधलं अंतर तसंच ठेवलं, त्यामुळे आत बसायला जागा राहिली. सगळा भार पडला डिकीवर. एक्सयूव्ही300 ची डिकी 257 लिटरची. म्हणजे कांद्याची एक गोणी टाका आणि दार लावायला बायकोला मदतीला बोलवा.

हे करवतीमुळेच झालं, याचा पुरावा त्याच कंपनीने पुढे स्वतःच दिला. 2023 च्या जानेवारीत याच गाडीची विजेवरची आवृत्ती आली, एक्सयूव्ही400. विजेच्या गाडीला सरसकट पाच टक्के जीएसटी, लांबीची अट नाही. लगेच लांबी 4200 मिलिमीटर झाली आणि डिकी 378 लिटर! कापलेली शेपटी परत आली. गाडी किती लांब असावी हे ग्राहकाने ठरवलं नव्हतं, इंजिनिअरने ठरवलं नव्हतं, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

तरीही एक्सयूव्ही300 मध्ये एक गोष्ट झाली, जिचा नाशिकला अभिमान वाटायला हवा. जानेवारी 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. तोवर तिथे तपासलेल्या भारतीय गाड्यांत तिचे एकत्रित गुण सगळ्यात जास्त होते. आपण परवडणारी गाडी म्हटलं की पत्रा चेपून बघतो आणि "डबा आहे" म्हणतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातांच्या बातम्या वीस वर्षं लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, हे तारे जाहिरातीपुरते नसतात. कोणत्या गाडीतून माणसं चालत बाहेर आली आणि कोणती गाडी गॅसकटरने कापावी लागली, हे मी रात्री-अपरात्री कसारा आणि राहुड घाटात उभं राहून पाहिलेलं आहे.

29 एप्रिल 2024 ला तिचंच नवं रूप आलं, नाव थ्रीएक्सओ. सांगाडा तोच, इंजिनं मुळात तीच, पण चेहरा, आतली सजावट, पडदे, छत सगळं नवं. आणि मार्केटिंग बघा, अभ्यास करावा असं. सुरुवातीची किंमत 7 लाख 49 हजार, आधीच्या गाडीपेक्षा कमी! बातमीत, होर्डिंगवर, रील्समध्ये हाच आकडा. 15 मे ला सकाळी दहा वाजता बुकिंग सुरू झालं आणि तासाभरात 50 हजार बुकिंग. कंपनीची तेव्हाची क्षमता महिन्याला नऊ हजार गाड्यांची होती. म्हणजे एका तासात साडेपाच महिन्यांचं काम!

आता खालचं बारीक अक्षर वाचू. किमतीची शिडी 7 लाख 49 हजारांपासून सुरू होऊन 15 लाख 49 हजारांपर्यंत जात होती, दुपटीपेक्षा जास्त. ज्या मोठ्या काचेच्या छताखाली जाहिरातीतली पोरं हात वर करून ओरडतात, ते छत खालच्या पायरीवर नाही. तिथे टचस्क्रीनही नाही. मात्र सहा एअरबॅग आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक सगळ्यात खालच्या मॉडेललाही आहेत. इथे मी कंपनीला पूर्ण मार्क देतो. काटकसर गाण्यांच्या यंत्रणेवर केली, ब्रेकवर केली नाही.

पण 7 लाख 49 हजारांना ती एमएच-15 ची पाटी लावून तुमच्या दारात येत नव्हती. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 82 हजार. विमा वेगळा. साडेआठच्या पुढे गेलात. त्यातल्या सात लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढलं तर महिन्याला 11 हजार 260 च्या आसपास हप्ता आणि शेवटी बँकेला साडेनऊ लाखांच्या जवळ परतफेड. 2025 च्या करकपातीत कंपनीने पेट्रोल थ्रीएक्सओ 1 लाख 40 हजारांपर्यंत आणि डिझेल 1 लाख 56 हजारांपर्यंत स्वस्त केली, त्यामुळे हा हिशोब हलका झाला हे खरं. पण "पर्यंत" या शब्दावर लक्ष ठेवा. पूर्ण कपात सगळ्यात वरच्या मॉडेलला मिळते.

परवडणारी, पण कुणाला? हा प्रश्न मला माझ्या घरातूनच पडला.

माझा भाचा आयटीआय करून अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये आहे. मोठ्या गाडी कंपनीत नाही, तिच्या पुरवठादारालाही नाही, पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे. प्रेसवर छोटे ब्रॅकेट मारतो. पगार हातात 17 हजार, कंत्राटी. दर सात-आठ महिन्यांनी ब्रेक, मग नव्या ठेकेदाराच्या नावाने परत तिथेच, त्याच मशीनवर. दिवाळीच्या आधी ओव्हरटाईम भरपूर मिळाला. पोरगा खूश. "मामा, मागणी एवढीये की रविवारीही बोलावतात." मी विचारलं, रविवारचे डबल मिळतात का? हसला आणि विषय बदलला.

त्याच्या मालकालाही मी ओळखतो. वाईट माणूस नाही. 2004 मध्ये दोन सेकंडहँड प्रेस टाकून सुरुवात केलेला, अजूनही हाताला ग्रीस लागलेला माणूस. त्याचं गणित त्याने मला एकदा बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं. नवीन मॉडेल आलं की नवी डाय. तिचे पैसे आधी टाकायचे. मॉडेल चाललं तर तीन-चार वर्षांत सुटतात, पडलं तर डाय भंगारात. पेमेंट तीन महिन्यांनी. आणि दरवर्षी वरून एक मेल, भाव दोन-तीन टक्क्यांनी उतरवा. त्याला इंडस्ट्रीत 'कॉस्ट डाऊन' म्हणतात. पत्रा महागला, वीज महागली, तरी कॉस्ट डाऊन. "मग तुम्ही कुठून काढता?" असं विचारल्यावर त्याने मशीनकडे बोट दाखवलं नाही. मशीनजवळ उभ्या पोरांकडे दाखवलं.

त्याने मला सांगितलेलं एक वाक्य विसरत नाही. म्हणाला, "साहेब, जाहिरातीत लाखभर उतरतो ना, त्यातले चार-आठ आणे आमच्या ब्रॅकेटमधून उतरलेले असतात." जीएसटीच्या कपातीला हे लागू नाही, ते पैसे सरकारने सोडले. पण गाडी मुळात सात लाखांत बसवली कशी, याचं उत्तर तिथे आहे. कराची रेघ, आधीच्या पडलेल्या गाड्यांची शिकवणी, कोरियातून आलेला तयार सांगाडा, चार गाड्यांत वाटून वापरलेलं एकच इंजिन, आणि तळाला हे चार-आठ आणे. पहिल्या चार गोष्टींचं कौतुक होतं. पाचवीची कुठे नोंद नाही.

मी काही गाडीविरोधी, कंपनीविरोधी माणूस नाही. उलट या शहराने जे काही थोडंफार कमावलं त्यात या गाड्यांचा मोठा वाटा आहे. माझ्या पिढीतली कितीतरी घरं 'कंपनीत लागला' या दोन शब्दांवर उभी राहिली. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा आमचे वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "त्याला कंपनीत लागता आलं असतं, पण ऐकलं नाही." सिडकोतली ती घरं, त्या घरांतली शिकलेली मुलं, हे सगळं पर्मनंट नोकरीने दिलं. ते मिळालं म्हणून त्यातल्या कित्येकांनी आपल्या हाताने बनवलेली गाडी निवृत्तीच्या पैशातून घेतली. आज त्याच कामाला लागलेला भाच्यासारखा पोरगा हप्त्याला 11 हजार दिले तर खाणार काय?

आणि आता पुढचं. कारण खरी काळजी तिथे आहे.

स्वस्त क्रॉसओव्हर हे आजचं नाशिकचं पोट आहे. पण या गाडीचं आयुष्य सहा-आठ वर्षांचं असतं, मग नवा सांगाडा येतो. थ्रीएक्सओचा सांगाडा मुळात 2015 चा. कंपनीने 15 ऑगस्ट 2025 ला मुंबईत नवा प्लॅटफॉर्म आणि त्यावरच्या चार संकल्पना गाड्या दाखवल्या, 2027 पासून त्या यायला लागतील असं सांगितलं. त्या सांगाड्यावर चार मीटरच्या जेमतेम आतली आणि बाहेरची, दोन्ही प्रकारच्या गाड्या बसतात. त्यातली कोणती नाशिकला येणार? नव्या विजेच्या गाड्यांसाठीची दहा हजार कोटींची गुंतवणूक डिसेंबर 2022 मध्ये पुण्याकडे गेली. 2010 नंतर एक्सयूव्ही500 चाकणला, केयूव्ही100 चाकणला, स्कॉर्पिओ-एन चाकणला. ज्या स्कॉर्पिओला नाशिकने जन्म दिला, तिची पुढची पिढी चाकणची. कंपनीने कुठे कारखाना टाकावा हा तिचा धंद्याचा निर्णय आहे, त्यावर रडगाणं गाण्यात अर्थ नाही. पण चाकणला जागा होती, बंदर जवळ होतं, पुरवठादारांचं जाळं होतं म्हणून ते गेलं. आपण आपल्याकडे काय तयार ठेवलं, हा आपला प्रश्न आहे.

आपल्याकडे काय चाललंय? जिल्ह्याला पालकमंत्री कोण, यावर 2025 च्या जानेवारीपासून घोळ सुरू झाला आणि दिवाळी झाली तरी मिटलेला नव्हता. कुंभमेळ्याच्या हजारो कोटींवर रोज बैठका होतात, व्हायलाच हव्यात. पण सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर, कामगारांच्या बसवर, आयटीआयमधल्या जुनाट मशीनवर, छोट्या वर्कशॉपना विजेच्या गाडीचे भाग बनवायला शिकवण्यावर एखादी बैठक झाल्याचं मी तरी कव्हर केलेलं नाही. विजेच्या गाडीला इंजिन नाही, गिअरबॉक्स नावापुरती, सायलेन्सर नाही. नाशिकच्या छोट्या कारखानदारांत डिझेल इंजिनाच्या भागांवर जगणारे किती आहेत, हे अंबडमध्ये एक चक्कर मारली तरी कळतं. त्यांना उद्या कुणी सांगितलं की तुमचा भाग आता लागत नाही, तर त्यांच्याकडे दुसरी डाय घ्यायला पैसे आहेत का?

म्हणून आपल्या खासदार-आमदारांना, निमा आणि आयमाच्या पदाधिकाऱ्यांना तीन साध्या गोष्टी विचाराव्यात असं वाटतं. एक, त्या नव्या सांगाड्यावरची एक तरी परवडणारी गाडी सातपूरला यावी म्हणून जिल्ह्याने कंपनीसमोर काय प्रस्ताव ठेवला आहे? मोघम पत्र नको. जागा, रस्ता, वीज, प्रशिक्षण, तारखेसह. दोन, दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पुरवठादारांना 45 दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे, त्याची नाशिकमध्ये अंमलबजावणी कोण बघतं? तीन, त्याच मशीनवर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पोराला ब्रेक देऊन परत घ्यायचा खेळ कामगार खात्याला दिसतो का?

आणि सातपूर कॉलनीतल्या त्या दादांना, नव्या गाडीच्या मनापासून शुभेच्छा. गाडी चांगली आहे, ब्रेक चांगले आहेत. पुढच्या वेळी कुणी विचारलं कुठे बनते, तर छाती पुढे काढून सांगा, आमच्या गल्लीच्या पुढे. आणि मत मागायला कुणी दारात आलं, तर पुढची कुठे बनणार आहे, हेही विचारा.